जुने घर पाडण्यापूर्वी



पावसाळा सरला, की आपल्या धर्मग्रामात एक विषय हमखास निघतो. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या दारात कोणी ना कोणी सांगते, "फादर, जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरवलंय, प्रार्थनेत आठवण ठेवा." ऐकून आनंद होतो. आपली कुटुंबे कोणी नगर-जालन्याहून, कोणी वसईहून, कोणी मंगळूर-केरळहून पोटापाण्यासाठी कळंबोलीला आली. कोणाला सिडकोचे बैठे घर मिळाले, कोणी पै-पै साठवून भूखंड घेतला आणि छोटा बंगला बांधला. आता मुलांची लग्ने झाली, नातवंडे आली. खाऱ्या हवेने सळया गंजल्या, स्लॅबचे पोपडे पडू लागले, पावसात घरभर बादल्या मांडाव्या लागतात. अशा वेळी नवे घर बांधणे ही चैन नव्हे. आपला प्रभू तर सुताराच्या घरात वाढला. घर बांधणाऱ्या हातांची त्याला चांगली ओळख आहे.

मनोरा बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे (लूक १४). तो हिशेब आपण चोख करतो. लोखंड बाजार आपल्या दाराशी आहे, सळईचा भाव आपल्या मुलांनाही तोंडपाठ असतो. पण आणखी एक हिशेब आहे आणि तो बहुधा राहून जातो. आज त्याविषयी विचार करू या.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल कोणत्याही वस्तूविषयी चार प्रश्न विचारी : ती कशापासून बनली, तिचा आकार कोणता, ती कोणी बनवली आणि ती कशासाठी आहे. घराचे उदाहरण तो वारंवार देतो. विटा-सिमेंट हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर, नकाशा दुसऱ्याचे, गवंडी तिसऱ्याचे. चौथा प्रश्न उरतो : हे घर कशासाठी, कोणासाठी? संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार पुढे नेला. हेतू पूर्ण होतो सर्वांत शेवटी, पण मनात तो सर्वांत आधी असावा लागतो. पहिल्या तीन प्रश्नांवर आपण सहा-सहा महिने चर्चा करतो. चौथा प्रश्न घरात कोणी विचारतही नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक आहे असे आपण धरून चालतो.

लूकच्या शुभवर्तमानात (१२ व्या अध्यायात) एक श्रीमंत माणूस आहे. जुनी कोठारे पाडून मोठी बांधायची, असा त्याचा बेत. त्याचे बोलणे नीट वाचा. त्यात बायको नाही, मुले नाहीत, भाऊबहीण नाही, शेजारी नाही, गडीमाणूस नाही. तो स्वतःशीच बोलतो आणि स्वतःलाच उत्तर देतो. कोठारे मोठी करणे हा त्याचा गुन्हा नव्हता. त्याच्या बेतात दुसरा माणूसच नव्हता. आपल्या नकाशात माणसे किती आहेत?

पहिली आई पाहू. "बांधकाम होईपर्यंत आई गावाकडे राहील," असे ठरते. वर्षाची दोन वर्षे होतात. घर उभे राहते, कर्ज फेडायचे म्हणून तळमजला भाड्याने जातो आणि आईची खोली येते दुसऱ्या मजल्यावर. गुडघे साथ देत नाहीत, मग तिचे रविवारी चर्चला येणे थांबते. आम्ही पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन जिना चढून तिच्याकडे जातो, पण तिला खाली कोण आणणार? पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजीआजोबा व वृद्धांसाठी जागतिक दिन सुरू केला आणि तो जुलैच्या चौथ्या रविवारी ठेवला, कारण २६ जुलैला पवित्र मरियेचे मातापिता संत योवाकिम व संत आन्ना यांचा सण असतो. त्या रविवारी आपण वृद्धांना फुले देतो. फुलांपेक्षा तळमजल्यावरची एक खोली त्यांना अधिक उपयोगी पडेल.

दुसरी बहीण. नाताळला माहेरी आलेल्या लेकीपुढे जेवणानंतर एक कागद ठेवला जातो. "सही कर ताई, बँकेला लागतं." तो कागद असतो हक्कसोडपत्राचा. ती सही करते, कारण नाही म्हटले तर माहेर तुटेल. बंधूंनो, कायदा काय सांगतो ते लक्षात घ्या. आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर एक तृतीयांश वाटा त्यांच्या पत्नीचा आणि उरलेला दोन तृतीयांश सर्व मुलामुलींचा, सारखा. लेकीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. केरळच्या त्रावणकोर भागात पूर्वी वेगळ्या कायद्यामुळे ख्रिस्ती मुलींना नाममात्र वाटा मिळे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पवित्र शास्त्र तर याच्या कितीतरी आधीचे. सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी वडिलांचा वाटा मागितला. मुलींचे म्हणणे रास्त आहे, असा कौल परमेश्वराने दिला (गणना २७). बहिणीने समजून-उमजून, आनंदाने आपला वाटा सोडला तर ते दान आहे, आणि भावाने ते कृतज्ञतेने घ्यावे. भिडेपोटी सोडला, तर ते दान नव्हे. तशा सहीवर उभारलेल्या घरात पायाशीच एक ओझे पुरलेले राहते.

तिसरा कामगार. मजुरी न देता शेजाऱ्याला राबवून घेतो आणि अन्यायाने माड्या चढवतो, त्या राजाला यिर्मया संदेष्ट्याने खडे बोल सुनावले (यिर्मया २२). "आम्ही ठेकेदाराला पैसे दिले, पुढचे तो बघेल," असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. परातीतून माल वाहणाऱ्या बाईला शनिवारी मजुरी मिळाली का, परांचीवर चढणाऱ्या मुलाला हेल्मेट व पट्टा आहे का, हे मालकाने विचारले तर ठेकेदारही जपून वागतो. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला कामगाराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवून द्यायला आपला एक रुपयाही खर्च होत नाही.

चौथा शेजारी. २६ जुलै २००५ चा पाऊस आपण विसरलेलो नाही. कळंबोलीच्या सखल भागात घराघरांत पाणी शिरले होते. म्हणून आता जो तो जोते उंच घेतो. ते शहाणपणाचेच आहे. पण भराव घातल्यावर आपल्या अंगणातले पाणी जाणार कुठे? बाजूच्या बैठ्या घरात. गटाराचा उतार आधी पाहा, शेजाऱ्याशी आधी बोला. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, अशी आज्ञाच मोशेच्या नियमशास्त्रात आहे (अनुवाद २२). परमेश्वराला आपल्या कठड्याची काळजी आहे, तशी गटाराचीही असणार.

आणि ही जमीन? सिडकोने येथील भूखंड दिले ते ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. त्याआधी येथे शेतकऱ्यांची भातखाचरे होती. त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. भूमी माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे राहणारे पाहुणे आहात, या अर्थाचे परमेश्वराचे वचन लेवीय पुस्तकात (२५ व्या अध्यायात) आहे. कळंबोलीकराला ते समजायला कठीण जाऊ नये.

आपल्या ख्रिस्तसभेनेही एकदा जुने घर पाडून नवे बांधले आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात उभारलेले रोममधील संत पेत्राचे मंदिर जीर्ण झाले, तेव्हा पोप दुसरे ज्युलियस यांनी १८ एप्रिल १५०६ रोजी नव्याची कोनशिला बसवली. काम संपून अभिषेक झाला १८ नोव्हेंबर १६२६ रोजी, म्हणजे १२० वर्षांनी. मंदिर भव्य झाले. पण त्याच्या खर्चासाठी पापदंडाच्या माफीच्या नावाने पैसा गोळा झाला, त्यातून १५१७ साली मार्टिन ल्यूथरचा वाद पेटला आणि ख्रिस्तसभेचे कुटुंब दुभंगले. घर बांधताना घर फुटू शकते, हे आपण इतिहासातून शिकावे. मात्र एक गोष्ट त्या बांधकामात कोणी हलवली नाही : संत पेत्राची कबर. भिंती गेल्या, खांब गेले, कबर जागेवर राहिली आणि मुख्य वेदी तिच्याच वर आली. आपल्या जुन्या घरातही असे काही असते. जिथे रोज संध्याकाळी रोझरी झाली तो कोपरा, ज्या उंबऱ्यावर आईने वाट पाहिली तो उंबरा, आणि सर्वांनी एका ताटाभोवती बसण्याची सवय. पाडायला काढण्यापूर्वी काय पाडायचे नाही ते ठरवा.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. नकाशा पक्का करण्यापूर्वी एका संध्याकाळी जुन्या घरात सर्वांना बोलवा, बहिणींना आणि त्यांच्या यजमानांनाही. कागद सर्वांसमोर मोठ्याने वाचा. आईला विचारा, तिला कुठली खोली हवी. मग एकत्र रोझरी म्हणा. म्हातारी माणसे रडली तर रडू द्या. यरुशलेमात दुसऱ्या मंदिराचा पाया घातला, तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले आणि पुष्कळांनी जयघोष केला. रडणे कोणते आणि जयघोष कोणता, हे ओळखू येईना (एज्रा ३). परमेश्वराने दोन्ही ऐकले.

नव्या घराच्या आशीर्वादाला तुम्ही आम्हांला बोलावता आणि आम्ही आनंदाने येतो. यापुढे जुन्या घराच्या निरोपालाही बोलवा. त्या दिवशी घरात कोण आहे आणि कोण नाही, एवढे आपण मिळून पाहू. जो आलेला नसेल, त्याच्याकडे आधी जाऊन या. कुदळ दुसऱ्या दिवशी मारली तरी चालेल.

नासरेथच्या पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद तुमच्या जुन्या व नव्या घरांवर राहो. आमेन.

तुमचे धर्मगुरू