अम्माऊसच्या वाटेवर



ईस्टरच्या सुट्टीत मित्रमंडळी जमली की आपण गाडी काढतो आणि परभणीहून बोरी, जिंतूर करीत पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाकडे निघतो. कुठे पळस अजून फुललेला असतो. ज्वारी निघून रानात कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात. गप्पांत वाट कधी सरते, कळत नाही. हा आनंद देवाचेच दान आहे.

असेच दोन सोबती यरुशलेमहून सुमारे 11 किलोमीटरवरील अम्माऊसला निघाले होते (लूक 24:13-35). वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी बोलण्यात सामावून घेतले आणि सांज होताच आग्रहाने ठेवून घेतले. त्याने भाकर मोडली, तेव्हा तो पुनरुत्थित प्रभू आहे हे त्यांना उमगले. त्याला पुढे जाऊ दिले असते, तर ओळख राहूनच गेली असती.

आपल्याही वाटेवर, एखाद्या फाट्यावर, लेकरू कडेवर घेऊन उन्हात एसटीची वाट पाहणारी माउली उभी असते. म्हणून या पुनरुत्थानकाळात निघताना गाडीत एक जागा मोकळी ठेवू या आणि डब्यात एक भाकर जास्तीची घेऊ या. प्रभू कोणत्या फाट्यावर भेटेल, सांगता येत नाही.