प्रसाद, शुगर आणि दोष कोणाचा?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ व १७

हे दोन श्लोक शाळेपासून पाठ आहेत. पाठांतर स्पर्धेत म्हणून बक्षीसही मिळालंय. पण अर्थ यंदा कळायला लागला, तोही एका लॅबच्या रिपोर्टमुळे.

गेल्या श्रावणात सोसायटीत सत्यनारायण होता. आईला बारा वर्षं डायबेटिस आहे. तिने शिऱ्यासाठी दुसऱ्यांदा द्रोण पुढे केला आणि मी चारचौघांत बोलून गेलो, "आई, तुला कळत नाही का? शुगर वाढली की धावायचं आम्हीच!" तिने द्रोण खाली ठेवला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, मी तिच्या भल्याचंच बोललो.

यंदा ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी ७.२ आलं. ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे डायबेटिस. वय ३६, अंगाने बारीक. पहिला विचार आला, रिपोर्ट चुकला असेल. पुन्हा तपासलं, तेच. दुसरा विचार आला, घरी सांगायचं नाही. का? कारण डायबेटिस म्हणजे जिभेवर ताबा नसलेल्याला मिळालेली शिक्षा, असं मी मनात धरून बसलो होतो. आईला मी तीच शिक्षा सुनावली होती. आता आरोपी मीच!

मग वाचायला लागलो. आपल्याच पुण्यात, केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी जास्त. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात दिसलं की आपली बाळं जन्मतःच अशी असतात. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे या आजाराची काही मुळं आईच्या पोटातली, तिला मिळालेल्या आणि न मिळालेल्या अन्नातली.

मग दोष कोणाचा? माझा? आईचा? आजीचा?

इथे मन लगेच दुसऱ्या टोकाला पळतं. "जन्मापासूनच आहे ना, मग खा बिनधास्त, नशिबात असेल ते होईल." पण भगवंत सोळाव्या श्लोकात दोन्ही टोकं नाकारतात. अति खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, जागत बसणाऱ्यालाही नाही. सतराव्यात मोजकं सांगतात : आहार, हिंडणं-फिरणं, काम, झोप, जाग, सगळं बेताचं. डॉक्टरांनी मला हीच यादी दिली, वर एक गोळी. गोळी घेणं म्हणजे हरणं नव्हे, तोही नियमच.

आणि गंमत बघा, या श्लोकांत दोष कोणाचा हा प्रश्नच नाही. आज काय करणार, एवढंच आहे. दोष मागे बघतो, जबाबदारी पुढे. दोष माझा नसला तरी जबाबदारी माझीच असू शकते.

एचबीएवनसीला फसवताही येत नाही. ते साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं. तपासणीआधी दोन दिवस कडक राहून उपयोग नाही. आपली साधनाही तशीच ना? एकादशीला उपास आणि ताटात साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च! उलट, इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना निर्जळी उपास केला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. ७० च्या खाली गेली की धोका. उपास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारा. देव रागवत नाही.

आईला शेवटी सांगितलं. रिपोर्टचं आणि त्या द्रोणाचंही. म्हणाली, "मला शुगरचं वाईट नाही वाटलं रे. सगळ्यांसमोर बोललास त्याचं वाटलं." मी पाया पडलो.

आता रात्री जेवण झालं की आम्ही दोघं दशभुजा गणपतीपर्यंत चालत जाऊन येतो. परवा तिथे कोणीतरी मोदक दिला. आईने निम्मा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि निम्म्यातला निम्मा परत काढून घेतला! दोघं हसलो.

आजचा संकल्प : घरातल्या कोणाच्या ताटाकडे न्यायाधीश होऊन बघणार नाही. सोबत चालेन.

राम कृष्ण हरी!