बुकर लिटलचं ‘आउट फ्रंट’

बुकर लिटलचं नाव निघालं की आधी त्याच्या वयाची गोष्ट निघते. मेम्फिसमध्ये १९३८ साली जन्मलेला हा जॅझ ट्रम्पेटवादक ऑक्टोबर १९६१मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने गेला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. मग ‘जगला असता तर’ ही हळहळ सुरू होते आणि त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये त्याने न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित केलेला ‘आउट फ्रंट’ हा अल्बम मागे पडतो. मला ही हळहळ अन्यायाची वाटते. जे संगीत झालंच नाही त्याच्यासाठी उसासे टाकताना, जे झालं ते ऐकायचं राहून जातं.

सातही रचना लिटलच्या स्वतःच्या. ट्रम्पेट, जूलियन प्रीस्टरचा ट्रॉम्बोन आणि एरिक डॉल्फीचा सॅक्सोफोन इतके लगतचे स्वर धरतात की ते एकमेकांना घासतात. पहिल्यांदा ऐकताना कुणाचा तरी सूर चुकलाय असंच वाटतं. ख्याल ऐकणाऱ्याला विवादी स्वर ठाऊक असतो. रागात न बसणारा तो स्वर जाणत्या गवयाने ओझरता लावला की रंग खुलतो. लिटल मात्र त्या घर्षणावरच रचना उभी करतो, आणि तरी त्याचा स्वतःचा सूर गोल, स्वच्छ राहतो. ‘मॅन ऑफ वर्ड्‌स’मध्ये जवळजवळ सगळा भार त्याच्या ट्रम्पेटवर आहे. तिथे घाई नाही आणि तयारी दाखवायचा सोसही नाही. मॅक्स रोचने ड्रम्सच्या जोडीला टिंपनी वाजवून या संगीताला जी खोली दिली, तीही नीट कान देऊन ऐकण्यासारखी आहे.

हा अल्बम दुर्लक्षित का राहिला? तो काढणारी कँडिड ही कंपनी अल्पायुषी ठरली, हे एक कारण. दुसरा माझा तर्क. डिसेंबर १९६०मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने ठरीव चौकट मोडणारं ‘फ्री जॅझ’ ध्वनिमुद्रित केलं; त्यातही डॉल्फी होता. ज्यांना तसं बंड हवं होतं त्यांना लिटलचं संगीत फार बांधलेलं वाटलं असणार, आणि ज्यांना सरळ चाल हवी होती त्यांना ते खरखरीत.

जुलै १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात डॉल्फीबरोबर झालेलं लिटलचं वादन जास्त ऐकलं जातं, आणि ते जबरदस्त आहेच. पण तिथे प्रामुख्याने वादक लिटल भेटतो. कोणता स्वर कुणाच्या शेजारी ठेवायचा, लय कुठे मोडायची, कुणी कधी गप्प राहायचं, हे ठरवणारा लिटल ‘आउट फ्रंट’मध्ये जितका स्पष्ट ऐकू येतो तितका तिथे येत नाही.