अत्तराची कुपी आणि आपला प्रश्न

जुम्म्याला मशिदीबाहेर अत्तराच्या कुप्या मांडलेल्या असतात. आपण पहिला प्रश्न विचारतो, 'यात अल्कोहोल आहे का?' विक्रेता 'नाही' म्हणतो आणि आपण मनगटावर बोट फिरवून निर्धास्तपणे नमाजला उभे राहतो.

प्रश्न रास्तच आहे. सूरह माइदामध्ये शराबीला नापाक ठरवले आहे. परंतु सेंटमधील इथेनॉल म्हणजे ती शराब का, यावर उलेमांत मतभेद आहेत. हनफी फिकहनुसार 'खम्र' म्हणजे मुळात द्राक्षाची शराब. म्हणून खनिज तेलातल्या इथिलीनपासून बनवलेल्या स्पिरिटचा बाह्य वापर अनेक मुफ्ती जायज मानतात. काहीजण एहतियात म्हणून टाळतात. दोघांच्याही नीयतीचा आम्ही आदर करतो.

आम्हांला खटकते ते वेगळेच. कनौजला डेग-भपक्यातून निघालेला फुलांचा सुगंध चंदनाच्या तेलात मुरवीत. चंदन महागले आणि अनेक स्वस्त कुप्यांत त्याची जागा डायप्रोपिलीन ग्लायकॉलने घेतली. रसायनशास्त्राच्या हिशेबी हेही अल्कोहोलच! त्याची शराब होत नाही, म्हणून त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो कुपीवरच्या 'अस्सल चंदनी' या शब्दांवर.

पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओल लागली. त्यांनी विक्रेत्याला फसवणुकीबद्दल खडसावले. आपण मात्र कुपीत काय नाही एवढेच विचारतो. काय आहे, हे विचारीत नाही. कपड्याची तहारत पाहायची आणि व्यवहाराची नाही, हे कसे चालेल?