सहाशेंचं काय?

रेल्वेत गार्ड होतो, निवृत्तीनंतर दौंडलाच राहिलो. इथल्या बाजारपेठेत एका जैन मित्राच्या दुकानात बसलं की गप्पा अनेकांतवादावर जातात: सत्याला बाजू अनेक, एकीलाच पूर्ण मानू नये.

मग नगरपरिषदेत एकच बाजू पूर्ण कशी? प्रभागात अ आणि ब अशा दोन जागा, पण लढती वेगवेगळ्या. तिरंगी सामन्यात हजारांतले चारशे एकगठ्ठा राहिले आणि बाकीचे निम्मे-निम्मे विभागले की दोन्ही जागा चारशेंच्याच. सहाशेंची मतं पाण्यात. गंमत म्हणजे स्वीकृत सदस्य मात्र पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात घेतात. प्रमाण नगरसेवकांना, मतदारांना नाही!

१९३७ साली मुंबई इलाख्यात बहुसदस्य मतदारसंघातल्या मतदाराला आपली सगळी मतं एकालाच देता येत, म्हणजे लहान गटालाही जागा मिळवता येई. डॉ. आंबेडकर त्याच निवडणुकीत मुंबईतून विधानसभेत गेले. १९४९ साली घटना समितीत मात्र लोकसभेसाठी मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीला त्यांनीच विरोध केला, सरकार स्थिर राहावं म्हणून. पटतं. पण इथे नगराध्यक्ष थेट जनतेतून येतो, सरकार कुठलं पडणार?

मित्र हसतो. "गार्डसाहेब, अनेकांतवाद सभागृहात नेलात तर बैठक उठायचीच नाही." त्याचा पुतण्या चारशेंतला आहे, हेही सांगायला हवं.