आयरिसला कुठे पाठवलंस?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक प्रेमकथा लिहिली होती. इंग्रजीत, अठरा पानांची, आणि आज कुणी मोठ्याने वाचली तर मी खोलीतून उठून जाईन अशी. 'द फ्लॅश' ही अमेरिकन मालिका तेव्हा आमच्या लेडीज हॉस्टेलवर एका हार्ड डिस्कमधून दुसरीत फिरत होती. अंगावर वीज पडल्यामुळे प्रचंड वेगाने धावू शकणारा बॅरी ॲलन हा तिचा नायक. माझ्या कथेत बॅरीचं आणि त्याच्यासोबत लॅबमध्ये काम करणाऱ्या डॉक्टर केटलिन स्नोचं जमतं.

अडचण एवढीच होती की मालिकेत बॅरीचं प्रेम आयरिस वेस्टवर आहे. पहिल्या भागापासून, खरं तर लहानपणापासून. त्यामुळे आयरिसचं काहीतरी करणं भाग होतं. मी तिला मारलं नाही, तेवढी मी सज्जन. मी तिला एका मोठ्या वर्तमानपत्रात नोकरी दिली आणि दुसऱ्या शहरात पाठवून दिलं. पहिल्या दीड पानातच.

माझ्या शेजारच्या खोलीत टांझानियाहून आलेली एक मुलगी राहायची. पुण्यात आफ्रिकी देशांतून शिकायला आलेली बरीच मुलं-मुली असतात, त्यांतली ती एक. मालिका आम्ही एकत्रच बघायचो. तिने माझ्या लॅपटॉपवर ती कथा वाचली, मध्ये मध्ये हसली, एका वाक्यावर मला चापट मारली. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आयरिसला कुठे पाठवलंस? तिकडे तिचं कोण आहे?"

मी म्हटलं, "ती स्ट्राँग आहे. तिला कुणाची गरज नाही."

"ओके," ती म्हणाली, आणि आम्ही मेसला जेवायला गेलो.

एक सांगायचं राहिलं. आयरिसची भूमिका करणारी कँडिस पॅटन कृष्णवर्णीय आहे. केटलिनची भूमिका करणारी डॅनियल पॅनाबेकर गोरी आहे. माझी शेजारीण कृष्णवर्णीय होती. यातलं काहीही त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि बरीच वर्षं मी हेच माझ्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून धरून होते. माझ्या मनात रंग नव्हताच, मग वर्णभेद कुठून येणार?

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी: मालिकेतल्या कुठल्या दोन पात्रांचं जमावं यावर चाहते हिरिरीने भांडतात, त्याला 'शिपिंग' म्हणतात. बॅरी-केटलिनवाले आम्ही खूप होतो आणि आमच्याकडे कारणं तयार होती. बॅरी आणि आयरिस एकाच घरात वाढले, ते भावाबहिणीसारखे वाटतात. आयरिस चिडचिडी आहे. मूळ कॉमिक्समध्ये ती गोरी आहे. आणि सगळ्यांत वरचं, ज्यापुढे वादच संपतो ते कारण: दोघांत केमिस्ट्री नाही.

आता मी कोड लिहून पोट भरते. एखादा बग नेमका कशामुळे येतोय हे शोधायची आमची पद्धत साधी असते. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि बग जातो का बघायचं. जिच्यावर संशय आहे ती गोष्ट बदलूनही बग तसाच राहिला, तर कारण दुसरीकडे आहे.

'मूळ कलाकृतीशी इमान' हे कारण या पद्धतीने तपासून बघू. २०२२ साली 'पर्सी जॅक्सन'च्या मालिकेत ॲनाबेथच्या भूमिकेसाठी लीआ जेफ्रीज या बारा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीची निवड झाली. पुस्तकातली ॲनाबेथ सोनेरी केसांची, म्हणून चाहते तिच्यावर तुटून पडले. शेवटी लेखक रिक रायर्डनलाच जाहीरपणे लिहावं लागलं की याला वर्णद्वेष म्हणतात. ठीक, इथे पुस्तक वेगळं होतं असं धरू. पण 'द हंगर गेम्स'मध्ये पुस्तकच स्पष्ट सांगतं की रू ही छोटी मुलगी गडद रंगाची आहे. २०१२ च्या सिनेमात अमांडला स्टेनबर्गने ती भूमिका केली, म्हणजे पुस्तकाशी शंभर टक्के इमान. तरीही लोक चिडले. आपण गोरी मुलगी कल्पून वाचलं होतं, आता तिच्या मरणाचं तेवढं वाईट वाटत नाही, असं काहींनी ट्विटरवर उघड लिहिलं. पुस्तक पाळलं तरी राग, मोडलं तरी राग.

ज्युलिएटचंही तेच. २०२४ मध्ये लंडनला 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा प्रयोग व्हायचा होता, टॉम हॉलंड रोमिओ आणि फ्रान्सेस्का अम्यूडा-रिव्हर्स ज्युलिएट. नावं जाहीर झाल्याबरोबर फ्रान्सेस्काच्या रंगरूपावर इतकी घाण ओतली गेली की नाटक कंपनीला निवेदन काढावं लागलं, आणि आठशेहून अधिक कलाकारांनी तिच्या बाजूने खुलं पत्र लिहिलं. शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडच्या रंगभूमीवर स्त्रियांना बंदी होती, त्यामुळे पहिली ज्युलिएट हा एक मुलगाच होता. मूळ मूळ म्हणतात ते हे.

'भावाबहिणीसारखे' या माझ्या लाडक्या मुद्द्याचं काय करावं ते मला कळत नाही. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या महाराष्ट्रातली मी. माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात असं लग्न झालंय आणि मी त्यात करवली म्हणून मिरवले आहे. आणि रक्ताचं काहीही नातं नसलेल्या दोन अमेरिकन पात्रांकडे बघून मी नाक मुरडत होते.

राहिली केमिस्ट्री. मालिकेत बॅरी आणि केटलिन सहकारी आहेत. केटलिनचं प्रेम दुसऱ्यावर आहे, पहिल्याच सीझनमध्ये तिचं त्याच्याशी लग्नही होतं. उलट आयरिसच्या नावापुढे बॅरीचं आडनाव लागलेलं भविष्यातलं वर्तमानपत्रसुद्धा त्याच सीझनमध्ये दिसतं. जिथे कथेत प्रेम नव्हतं तिथे मला ते एका नजरेतून, एका कॉफीच्या कपातून दिसत होतं. जिथे ते ओरडून सांगितलं जात होतं तिथे काही दिसत नव्हतं. म्हणजे केमिस्ट्री पडद्यावर नव्हती, माझ्या डोळ्यांत होती. मग माझ्या डोळ्यांत ती कुणी घातली?

याचं उत्तर शोधताना मी हॉलिवूडच्या इतिहासात शिरले, आणि तिथे सापडली ती चक्क नियमावली. हेज कोड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९३४ पासून कडकपणे राबवल्या गेलेल्या या नियमावलीत गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींमधले प्रेमसंबंध दाखवायला मनाई होती. त्याचा परिणाम पात्रनिवडीवर कसा झाला ते बघा. लीना हॉर्न ही उत्तम गाणारी, देखणी कृष्णवर्णीय अभिनेत्री. १९४६ च्या एका सिनेमात 'शो बोट' या संगीतिकेचा छोटा तुकडा होता, त्यात ज्यूलीची भूमिका तिने केली. ज्यूली ही मिश्रवंशीय स्त्री, तिचा नवरा गोरा. १९५१ मध्ये त्याच स्टुडिओने 'शो बोट'वर पूर्ण लांबीचा सिनेमा काढला तेव्हा ज्यूली झाली ॲव्हा गार्डनर. त्याआधी, १९४९ च्या 'पिंकी' सिनेमात कृष्णवर्णीय नायिका एका गोऱ्या डॉक्टरच्या प्रेमात असते. ती भूमिका केली जीन क्रेन या गोऱ्या अभिनेत्रीने, आणि तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं. म्हणजे काळ्या स्त्रीची प्रेमकथा सांगायची तर त्यातून काळी स्त्री काढावी लागत होती.

हे फक्त पडद्यावर नव्हतं. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग यांनी १९५८ मध्ये लग्न केलं. ती कृष्णवर्णीय, तो गोरा. व्हर्जिनिया राज्यात त्यांना राहत्या घरातून, रात्री झोपेतून उठवून अटक झाली. असे कायदे रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६७ मध्ये, आणि तोवर सोळा राज्यांत ते शिल्लक होते. पुढच्याच वर्षी 'स्टार ट्रेक'मध्ये निशेल निकोल्सची उहुरा आणि कॅप्टन कर्क यांचं गाजलेलं चुंबन दाखवलं गेलं. पण कथेत ते दोघं आपणहून जवळ येत नाहीत, परग्रहावरचे लोक त्यांना तसं करायला भाग पाडतात.

हे वाचल्यावर 'केमिस्ट्री नाही' हे वाक्य मला वेगळं ऐकू येऊ लागलं. गोऱ्या नायकाने ज्या स्त्रीकडे प्रेमाने बघितलेलं पडद्यावर कधी दाखवलंच नाही, तिच्याकडे त्याने बघितलं की ते खोटं वाटणारच. कायदा गेला, नियमावली गेली, पण त्यांनी घडवलेली नजर मागे राहिली. तिला आपण अभिरुची म्हणतो.

मग काळ्या स्त्रीला कथेत कुठली जागा उरते? न्यायाधीश, पोलीस कॅप्टन, नायिकेची शहाणी मैत्रीण. 'द व्हॅम्पायर डायरीज'मधली बॉनी आठवा. मैत्रिणीचा आणि तिच्या प्रियकरांचा जीव वाचवण्यासाठी ही मुलगी किती वेळा मरणाच्या दारात जाते, मरते, परत येते. जग तिच्या खांद्यावर, आणि प्रेमाचा त्रिकोण दुसऱ्यांचा. आपण तिला 'स्ट्राँग' म्हणतो, आणि तो शब्द आपल्याला कौतुकाचा वाटतो. मीही शेजारणीला तेच उत्तर दिलं होतं. पण बलवान माणसाला जवळ कुणी नको असतं हे आपण बॅरीबद्दल कधी म्हणत नाही. तो तर सगळ्यांत बलवान.

इथे एक जण नक्की म्हणेल, आणि त्याचं म्हणणं मला पोकळ वाटत नाही: "आवड ही आवड असते. ती सांगून येत नाही. आता कुणावर जीव जडावा हेही नैतिकतेच्या तक्त्यात बसवायचं का?" चाहत्यांच्या जगातल्या वर्णभेदावर रुक्मिणी पांडे या भारतीय अभ्यासक बाईंचं २०१८ मध्ये आलेलं पुस्तक आहे. हा विषय काढणाऱ्यांकडे रंगाचा बेरंग करणारे म्हणून कसं बघितलं जातं, हा त्यातला एक मुद्दा. दिवसभर राबून माणूस रात्री मालिका लावतो, तिथेही त्याची झडती घ्यायची का?

झडती नको. पहिल्या ओढीची जबाबदारी कुणावर टाकता येत नाही असं मलाही वाटतं. कुठल्याही एका माणसाने आयरिसपेक्षा केटलिन आवडून घेतली तर त्यात गुन्हा नाही. अडचण बेरीज केल्यावर दिसते. ओकेक्युपिड या डेटिंग साइटने २००९ मध्ये आपल्या वापरकर्त्यांची आकडेवारी मांडली होती. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदेशांना जवळजवळ सगळ्याच गटांतल्या पुरुषांकडून सर्वांत कमी उत्तरं येत होती. यातल्या प्रत्येकाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मला फक्त ही एक प्रोफाइल आवडली नाही. माझ्या कामात मी रोज बघते, माणसं कशावर बोट ठेवतात त्यावरून यंत्र शिकतं आणि उद्या तेच पुढे आणतं. ज्याच्यावर कुणी बोट ठेवलं नाही ते खाली खाली सरकत जातं. त्यात कुणाचीच दुष्ट इच्छा नसते.

म्हणून मला वाटतं, जबाबदारी सुरू होते ती ओढीच्या पुढच्या पायरीवर. मला ते आवडलं नाही, इथवर मी माझ्याबद्दल बोलत असते. 'ती जोडी शोभतच नाही' म्हटलं की मी तिच्याबद्दल निकाल देते. तो निकाल सजवायला कारणं शोधते, माझ्यासारख्याच शंभर जणींची कारणं ऐकून खूश होते, आणि त्या गर्दीतूनच कुणीतरी त्या अभिनेत्रीला शिव्या लिहून पाठवतं. मी कधी शिवी दिली नाही. पण कँडिस पॅटनने २०२२ मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं की दुसऱ्या सीझनच्या सुमारासच तिला मालिका सोडावीशी वाटत होती, आणि त्या काळात तिला या सगळ्यापासून वाचवणारी काही व्यवस्था नव्हती. दुसरा सीझन म्हणजे २०१५-१६. माझी अठरा पानं त्याच वर्षातली.

मी स्वतः सावळी आहे. स्थळांच्या गप्पांत माझ्या रंगाला 'गव्हाळ' म्हणण्याची कसरत मी ऐकली आहे. त्यामुळे आपल्याला हे सगळं आतून कळतं असा माझा समज होता. तो खोटा निघाला. माझं दुखणं आणि आयरिसचं दुखणं एक नाही. माझ्या रंगामागे गुलामगिरीचा इतिहास नाही, आणि पुण्यात खोली शोधताना घरमालकाने माझ्या तोंडावर दार लावलेलं नाही. शेजारणीच्या तोंडावर लावलं होतं. ते तिने मला हसत हसत सांगितलं होतं, तेव्हाही मी तिला स्ट्राँगच म्हटलं असणार.

परवा जुनी हार्ड डिस्क उघडली तर ती फाइल सापडली. आयरिसला नोकरी दिलेलं ते दीड पान वाचलं. मी तिला छान केबिन दिली होती, खिडकीतून समुद्र दिसत होता. संध्याकाळी घरी गेल्यावर दार कोण उघडतं, आजारी पडली तर कोण बघतं, तिला कुणी फोन करतं का, यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नव्हतं. केटलिनला मात्र साधी सर्दी झाली तर बॅरी एका क्षणात दुसऱ्या देशातून सूप घेऊन आला होता.

शेजारीण आता दार-ए-सलामला असते. दिवाळीला तिचा मेसेज येतो, ईदला माझा जातो. तिला ते वाक्य आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. फाइल मी पुसली नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं आहे, आणि 'सॉरी' हे त्याचं उत्तर नाही. तिने विचारलं होतं, तिकडे तिचं कोण आहे.