कादंबरी वाचावी काय?

“कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट, मग सत्याच्या लेंकरांनीं ती कां वाचावी?” असें आमचे कांहीं उपदेशक बंधु आम्हांस विचारितात. प्रश्न टाकाऊ नाहीं. रिकाम्या करमणुकीनें प्रार्थनेची वेळ खाल्लेली आम्हीं पुष्कळ घरीं पाहिली आहे. तथापि जें घडलें नाहीं तें सर्व खोटें, असें म्हणतां येत नाहीं. उधळ्या पुत्राचें गांव कोणतें, हें आपण प्रभूला विचारीत नाहीं. बाबा पदमनजी यांनीं १८५७ सालीं ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली, ती हिंदु विधवांचें दुःख लोकांच्या डोळ्यांपुढें आणावें म्हणून. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, गोष्ट ऐकतांना आपण कोठें बसतों?

नाथान संदेष्ट्यानें गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हां दावीद न्यायाधीश होऊन संतापला. तो अपराधी आपणच, हें त्याला दुसऱ्यानें सांगावें लागलें. हा धडा आम्हीं अनेकदां शिकविला. पण एका कापणीच्या हंगामांत आम्हांलाच तो शिकावा लागला.

त्या दिवसांत आम्ही मंडळीस एका फ्रेंच कादंबरीची गोष्ट सांगत होतों. व्हिक्टर ह्यूगो यानें ‘ले मिझराब्ल’ या नांवानें ती १८६२ सालीं प्रसिद्ध केली. बहिणीच्या भुकेल्या मुलांसाठीं भाकर चोरणारा जां व्हालजां १९ वर्षें बंदिवास भोगून सुटतो. त्याला कोणी थारा देत नाहीं. एक वृद्ध बिशप त्याला जेवूं घालून निजावयास जागा देतो, आणि हा रात्रीं त्याच्याच घरची चांदी घेऊन पळतो. शिपाई त्याला धरून आणतात, तेव्हां ती चांदी आपणच दिली असें बिशप सांगतो, आणि वर चांदीचीं दोन शमादानें त्याच्या हातीं देतो. ऐकून मंडळीनें डोळे पुसले, आम्हींही पुसले.

पुढल्याच आठवड्यांत उपकारस्तुतीसाठीं आलेल्या ज्वारींतून दोन पायल्या कमी भरल्या. मोलमजुरी करणाऱ्या एका विधवेनें त्या नेल्याचें कबूल केलें. तिचें नांव मंडळींतून काढावें, असें पंच म्हणाले, आणि आम्हीं मान डोलाविली. तेव्हां कोपऱ्यांतून एक म्हातारी म्हणाली, “पाळकसाहेब, त्या बिशपाची गोष्ट आपली नव्हं का?”

कोणी बोललें नाहीं. सायंकाळीं आम्ही ज्वारी घेऊन त्या बाईच्या घरीं गेलों. तिची चूल दोन दिवस पेटली नव्हती. शेजारीं चार ख्रिस्ती घरें. एकालाही ठाऊक नव्हतें. तिच्या पाळकालाही नव्हतें.

चोरीला आम्ही पुण्य म्हणत नाहीं. तिनेंही म्हटलें नाहीं. पुढल्या रविवारीं तिनें मंडळीची क्षमा मागितली, आणि प्रथम आम्हीं व मग मंडळीनें तिची मागितली.

म्हणून बंधुभगिनींनो, चांगली कादंबरी अवश्य वाचा. तिला शास्त्राच्या जागीं बसवूं नका, पण पुस्तक मिटतांना, “या गोष्टींत मी कोण?” एवढें स्वतःस विचारा. उत्तरांत शेजाऱ्याचेंच नांव आलें, तर तें पान पुन्हां वाचा. दिव्यानें घरांतला केर दाखविला, तर दिव्याची स्तुति करीत बसूं नये. केरसुणी हातीं घ्यावी.